अनुभव धागा : "मला काय होते आहे ते ऐकून घ्या" (अटलांटातील ब्लॅक स्त्रिया आणि त्यांचे आरोग्य)

अमेरिकेतील अटलांटा शहरात मी गेली चौदा वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे आणि त्यातली नऊ वर्षे बाळंतिणींच्या कक्षात गेली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या भागातील वाचनालयाच्या मागच्या खोलीत काही स्त्रिया जमतात आणि आपापल्या तब्येतीविषयी बोलतात. औषध सुचवणे किंवा उपदेश करणे तेथे चालत नाही. एकीचे बोलणे पूर्ण होईपर्यंत दुसरीने तोंड उघडायचे नाही, एवढा एकच नियम आहे. या पद्धतीची मुळे याच शहरात आहेत. १९८३ मध्ये बायली एव्हरी यांनी येथील स्पेलमन कॉलेजात ब्लॅक स्त्रियांच्या आरोग्यावरची पहिली राष्ट्रीय परिषद भरवली, तिला सुमारे २००० स्त्रिया आल्या आणि त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेने ठिकठिकाणी अशी स्वमदत मंडळे सुरू केली.

हे अनुभव मराठीत लिहू का, असे मी विचारले तेव्हा त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "आम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये तुमच्याकडचे लोक किती असतात, ते आम्ही पाहतो. त्यांनी वाचलेच पाहिजे." म्हणून हा धागा. निवेदन ज्याचे त्याचे आहे, मी फक्त ते मराठीत उतरवले आहे. नावे त्यांच्याच इच्छेने गाळली आहेत. 'कृष्णवर्णीय' हा शब्द मी मुद्दाम टाळला, कारण त्या स्वतःला ब्लॅक म्हणवतात.

शिक्षिका, वय ३६

माझी मुलगी जन्मली त्याच्या सहाव्या दिवशी माझे डोके असे दुखू लागले की उशीवर टेकवणेही सहन होईना. पाय आधीच सुजले होते, पण त्या दिवशी बोटेही सुजली आणि अंगठी साबण लावूनही निघेना. मी दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या बाईने सांगितले की बाळंतपणानंतर झोप होत नाही, त्यामुळे डोके दुखतेच, गोळी घेऊन पडून राहा. दोन तासांनी डोळ्यांसमोर काजवे चमकू लागले आणि मी पुन्हा फोन केला, तेव्हाही तेच उत्तर मिळाले. माझ्या आईने एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे काम केले आहे. ती काही बोलली नाही. वडिलांचे रक्तदाब मोजायचे यंत्र कपाटातून काढून तिने माझ्या दंडाला पट्टा बांधला. आकडा आला १६८ आणि ११२. तिने तो वहीच्या कागदावर वेळेसकट लिहिला, बाळाला शेजारणीकडे दिले आणि मला गाडीत घातले.

रुग्णालयात पोहोचल्यावरही आम्हाला खुर्चीत बसायला सांगितले होते. आईने तो कागद काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "हिला आकडी आली तर ती तुमच्या डोळ्यांदेखत यावी म्हणून आम्ही इथेच उभ्या राहतो." त्यानंतर दहा मिनिटांत मला आत घेतले. आकडी येऊ नये म्हणून देतात ते मॅग्नेशियमचे सलाईन सुरू झाले की सगळ्या अंगातून भट्टी पेटल्यासारखी आग निघते, जीभ जड होते. मी त्या अवस्थेत चोवीस तास होते आणि मला सारखी डॉ. शॅलन अर्व्हिंग यांची आठवण येत होती. त्या याच शहरात सीडीसीमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेत, साथरोगतज्ज्ञ होत्या, आरोग्यातील विषमता हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आणि जानेवारी २०१७ मध्ये, बाळंतपणानंतर तीनच आठवड्यांनी, वाढलेल्या रक्तदाबाच्या तक्रारी पुन्हा पुन्हा सांगूनही त्या गेल्या. एवढे शिकून त्यांचे ऐकले गेले नाही, तर माझे कोण ऐकणार होते? माझ्याजवळ आई होती, म्हणून मी आज इथे बसले आहे.

*(येथे एक आकडा द्यावासा वाटतो. सीडीसीच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत ब्लॅक मातांच्या दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ मातांचा मृत्यू झाला, तर गोऱ्या मातांमध्ये हेच प्रमाण १४.५ होते. शिक्षण आणि पैसा असला की ही दरी मिटते, असे मलाही पूर्वी वाटे.)*

बँकेत नोकरी, वय ३९

चौतिसाव्या वर्षी माझ्या गर्भाशयात गाठी असल्याचे निघाले. त्याआधी सात वर्षे मी फक्त काळ्या रंगाच्या पँट घालत होते आणि गाडीच्या सीटवर गडद रंगाचा टॉवेल अंथरत होते. माझ्या आईच्या आणि मावशीच्या घरीही असेच टॉवेल होते, त्यामुळे एवढा रक्तस्राव होणे हे आमच्या घराण्याचेच लक्षण आहे, असे मी धरून चालले होते. हिमोग्लोबिन सातवर आले आणि जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सोनोग्राफीचा कागद पाहिला आणि मान वर न करता गर्भाशय काढून टाकायला सांगितले. मला मूल हवे आहे का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

घरी येऊन आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. तिचे माहेर मिसिसिपीचे. तिथल्या फॅनी लू हेमर, ज्यांनी पुढे मतदानाच्या हक्कासाठी लढा दिला, त्या १९६१ मध्ये गाठ काढून घ्यायला रुग्णालयात गेल्या होत्या आणि त्यांना न विचारता त्यांचे गर्भाशय काढले गेले. त्या भागात हे इतक्या जणींच्या बाबतीत झाले की लोकांनी त्याला 'मिसिसिपीचे अपेंडिक्सचे ऑपरेशन' असे नाव ठेवले. आई म्हणाली, "तुला निदान घरी येऊन विचार करायला तरी मिळाला. आता दुसरा डॉक्टर शोध." तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी फक्त गाठी काढल्या, अकरा निघाल्या. मूल अजून झालेले नाही, कदाचित होणारही नाही, परंतु तो निर्णय माझा मी घेतला.

*(हे लिहून घेताना मला बीडकडच्या ऊसतोड कामगार स्त्रिया आठवल्या. "पिशवी काढून टाका" हे वाक्य आपल्याकडे किती सहज उच्चारले जाते!)*

संगणक क्षेत्रात नोकरी, वय २९

मला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. दुखणे उसळले की हाडांच्या आतून कोणी खिळे ठोकते आहे असे वाटते, आणि अशा वेळी मी सर्वांत आधी काय करते? इस्त्रीचा शर्ट घालते. केस नीट बांधते, कार्यालयाचे ओळखपत्र गळ्यात अडकवते आणि मग तातडीच्या कक्षात जाते. घरच्या कपड्यांत गेले तर मला नशेसाठी औषध हवे आहे असा समज होतो, हे मी एकोणिसाव्या वर्षी शिकले. त्या रात्री मी औषधाचे नाव आणि मात्रा अचूक सांगितली, म्हणून माझ्यावर संशय घेतला गेला आणि पाच तास मला नुसते झोपवून ठेवले. जन्मापासून घेत असलेले औषध मला माहीत नसेल तर कोणाला असेल?

*(अमेरिकेत जन्मणाऱ्या साधारण ३६५ ब्लॅक बाळांमागे एकाला हा आजार असतो. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या वाचकांना तो चांगला माहीत आहे. त्यांनी आपले अनुभव येथे अवश्य लिहावेत.)*

केशरचनाकार, वय ५१

मी सात वर्षांची असताना आजीने स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून माझ्या केसांना पहिल्यांदा रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस सरळ करणारे रसायन, लावला. आधी कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलीन, मग ते पांढरे मलम. डोक्याची आग होऊ लागली तरी बोलायचे नाही, कारण जितका वेळ ठेवाल तितके केस सरळ. पुढे तीस वर्षे मी हेच दुसऱ्यांच्या डोक्यांना लावत आले. २०२२ मध्ये संशोधन प्रसिद्ध झाले की जास्त वेळा रिलॅक्सर वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. त्या आठवड्यात मी दुकानातले सगळे डबे फेकले आणि माझे केस मुळापासून कापले. घाम आला तर केस बिघडतील म्हणून मी आयुष्यभर व्यायाम टाळला होता. आता रोज पोहते. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना मात्र काय सांगावे, हे मला अजून सुचलेले नाही.

निवृत्त टपाल कर्मचारी, वय ६७

नवरा गेल्यावर चर्चमधल्या सगळ्या म्हणाल्या की तू खंबीर आहेस. मी अकरा महिने खंबीर राहिले आणि एके दिवशी दुकानात संत्री निवडताना मला रडू आवरेना. समुपदेशकाकडे जाते हे मी अजून माझ्या बहिणीला सांगितलेले नाही, इथे मात्र सांगते.

आणि माझा स्वतःचा

या स्त्रियांनी इतके सांगितल्यावर मी गप्प बसणे बरोबर नाही. आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे सिझेरियन झालेली एक ब्लॅक तरुणी होती. वेदना किती आहेत, असे मी विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, "दहापैकी आठ." ती रडत नव्हती, कण्हत नव्हती, म्हणून मी नोंदीत लिहिले की रुग्ण आरामात आहे. कामाची पाळी संपवून मी घरी गेले. पहाटे तिच्या पोटात रक्तस्राव होत असल्याचे लक्षात आले आणि तिला पुन्हा शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागले. ती वाचली. दोन दिवसांनी मी तिच्या खोलीत गेले तेव्हा तिने बाळाला दुसऱ्या हातावर घेतले आणि मला म्हणाली, "त्या रात्री तू काय लिहिलेस, ते मला वाचून दाखव." मी ते वाचून दाखवले. तिने ते दुसऱ्यांदा वाचायला सांगितले. तेव्हापासून रुग्ण जे बोलते ते वाक्य मी अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे नोंदवते आणि माझे मत त्याखाली वेगळे लिहिते.