कार्ड तेच, मग फ्रेम कमी का?
दोन गेमिंग पीसींत आरएक्स ६५०० एक्सटी हेच ग्राफिक्स कार्ड आहे, एकात रायझन ५ ५६०० प्रोसेसर, दुसऱ्यात ५६००जी; तरी ५६००जीवाल्या मशीनवर गेममध्ये दर सेकंदाला फ्रेम कमी, म्हणजे कार्डच खराब, असं एकाने म्हटलंय. मला नाही पटत. हे कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड आणि प्रोसेसर जोडणारा डेटाचा रस्ता) फक्त ४ लेन वापरतं. बी५५० मदरबोर्डवर रायझन ५ ५६०० या रस्त्याची जेन ४ (चौथी पिढी, जेन ३च्या दुप्पट वेगाची) देतो. ५६००जी मात्र कुठल्याही बोर्डवर जेन ३च. म्हणजे रस्ता निम्माच! कार्डवरची ४ जीबी मेमरी (व्हीरॅम) भरली की टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं, याच रस्त्याने साध्या रॅममधून ओढावी लागतात, तिथेच गेम अडखळतो. शिवाय ५६००जीचा एल३ कॅशही (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) १६ एमबी, ५६००चा ३२. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर एक पायरी खाली आणून फ्रेम पुन्हा मोजा, आणि नुसती सरासरी नको, १ टक्का लो (सर्वात संथ १ टक्का फ्रेमचा वेग) आकडेही टाका. रॅमची एकच स्टिक (पट्टी) आहे का? असेल तर रॅमही हळू चालते. (असेंबल करून देणारे बऱ्याचदा एकच लावतात.)