गोंदणातील प्रतिमा कॅनव्हासवर आल्यावर

प्रश्न: गोंदणाच्या दुकानातले ड्रॅगन, कवट्या आणि नांगर कॅनव्हासवर आले की त्यांना ललितकला म्हणावे, की केवळ जागा बदललेली नक्षी? अमेरिकी गोंदणकार डॉन एड हार्डी यांची चित्रे पाहिल्यापासून हा प्रश्न मला पडला आहे.

प्रतिसाद १: हार्डी यांचा प्रवास कलाशाळेतून सुरू झाला, हे आधी ध्यानात घ्यावे. सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटमधून १९६७ साली मुद्राचित्रणाची (ठशांवरून चित्रे छापण्याच्या कलेची) पदवी घेतल्यावर ते गोंदणाकडे वळले, १९७३ मध्ये जपानला जाऊन त्यांनी तिथली परंपरा अभ्यासली, आणि २००० साली सुमारे ५०० फूट लांबीच्या पटावर दोन हजार ड्रॅगन रंगवले. (टी-शर्टांवरील छापामुळे त्यांचे नाव अकारण स्वस्त झाले, असे मला वाटते.)

प्रतिसाद २: माझ्या मते निकष रेषेचा आहे. त्वचेवर रेषा पुसता येत नाही, म्हणून गोंदणकार ठाम बाह्यरेषेवर विसंबतो. कॅनव्हासवर ती सक्ती उरत नाही. मेक्सिकोचे गोंदणकार-चित्रकार ‘डॉक्टर लाक्रा’ (हे टोपणनाव) जुन्या मासिकांतील छायाचित्रांवर शाईने गोंदण काढतात, तेव्हा ओळखीची प्रतिमाच परकी होते.

प्रश्नकर्ता: रेषेचा मुद्दा पटला. हार्डी यांचा तो ड्रॅगनांचा पट आता त्या दृष्टीने पुन्हा पाहीन.