मदत हवी आहे: २० अधिक ५ बरोबर २०५! टाइपस्क्रिप्टकडे वळू का?

मंडळी, मार्केट यार्डात मामांचं गुळाचं दुकान आहे. त्यांच्या ऑर्डरचं पान मी साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलंय. (टाइपस्क्रिप्ट म्हणजे तीच भाषा, पण कुठं आकडा आणि कुठं मजकूर हे आधी लिहून तपासणारी.) गेल्या आठवड्यात गुजरातच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं आधीच्या २० रव्यांत (गुळाच्या ढेपांत) ५ वाढवले आणि पावती निघाली २०५ रव्यांची. बिलसुद्धा २०५ चंच. टेम्पो सांगायच्या आधी मामांनी फोन करून विचारलं म्हणून वाचलो. वर "तुझ्या कॉम्प्युटरला बेरीज येत न्हाई व्हय रं?" हे ऐकून घेतलं.

कारण सापडलं. आधीचा आकडा लोकलस्टोरेजमधून, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यातून येतो, तिथं सगळं स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच असतं. त्यामुळे २० पुढं ५ नुसते चिकटले. पण वजाबाकी केली की तीच स्ट्रिंग गुपचूप नंबर होते आणि १५ बरोबर येतात. दराशी गुणाकारही बिनबोभाट. मी तपासताना नेमके रवे कमी करून बघितले होते! एरर कुठंच नाही. फुटलं असतं तर परवडलं असतं.

मग सगळीकडे मजकुराचा आकडा करणारं नंबर() लावलं. आता रिकामा रकाना शून्य होतो, आणि एकानं मराठी कीबोर्डवरून ५० टाकले तर एकूण रक्कम 'नॅन' (म्हणजे 'आकडाच नाही') रुपये.

दिवाळी पाडव्याला सौदे सुरू होतील. तोवर सगळा कोड टाइपस्क्रिप्टमध्ये नेऊ, की दुसरी वाट आहे?

प्रतिसाद १
भावा, नुसतं टाइपस्क्रिप्ट करून ही चूक सापडणार नाही. स्ट्रिंग अधिक नंबर ते चालवून घेतं. 'रवे' हा नंबरच, असं लिहून ठेवलंस तरच ओरडतं. शिवाय ब्राउझरमध्ये पोचेपर्यंत टाइप, म्हणजे हे आकडा-मजकुराचे शिक्के, पुसले गेलेले असतात. गिऱ्हाईक काय टाइप करतंय ते तुलाच दारात तपासायला पाहिजे. रिकामं आणि नॅन तिथंच परत पाठव. देवनागरी शून्याचा युनिकोड (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) क्रमांक २४०६, तो अंकाच्या क्रमांकातून वजा केलास की आकडा मिळतो.

प्रतिसाद २
पाडव्याआधी सगळं उकरू नका. फाइलीच्या डोक्यावर टीएस-चेकची, म्हणजे टाइपस्क्रिप्टची तपासणी चालू करणारी कॉमेंट टाका, फंक्शनवर जेएसडॉकमध्ये, म्हणजे ठरावीक पद्धतीच्या कॉमेंटमध्ये, टाइप लिहा. फाइल जावास्क्रिप्टच राहते, एडिटर चुका दाखवतो.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. टीएस-चेक लावलं. पहिल्याच फाइलीत ११ लाल रेघा, त्यातली एक दर काढायच्या फंक्शनमध्ये. मामांना अजून सांगितलेलं नाही.