ज्ञानदाचं स्पेलिंग डी की जे?

वहिनी 302: कुणी जागं हाय काय? रविवारी बारसं, आणि आत्ता फॉरवर्ड आलाय की सरकार मान्य नावांची यादी काढूलालंय, यादीत नसलं तर दाखला नाही म्हणे. आम्ही ज्ञानदा ठरवलंय ओ, पाळण्यावर अक्षरं पण चिकटवून झाली

आजोबा 203: असली यादी आपल्याकडे नाही. मी 30 वर्षं नोंदणीचंच काम केलंय. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा, कलम 14, नावाशिवाय पण जन्म नोंदतात. 12 महिन्यांच्या आत नाव घाला, फी नाही. नंतर 15 वर्षांपर्यंत लेट फी भरून.

दादा 102: यादी आइसलँडात असते आजोबा, 1991 पासून कमिटीच हाय. ब्लायर म्हणून एक पोरगी, नाव पुल्लिंगी म्हणून नाकारलं, कागदावर नुसतं 'मुलगी'. 15 वर्षांची झाल्यावर 2013 ला कोर्टात जिंकली. फ्रान्सात तर न्यूटेला नाव कोर्टानं काढून एला केलं

काकू 301: न्यूटेला कशाला, कुंदा ठेवा की, गोड पण आणि बेळगावचं पण हाहा

वहिनी 302: काकू मस्करी राहू दे. परवा दाखल्याचा फॉर्म भरताना तिथल्या बाईंनी न विचारता जे-एन लिहिलं. मी म्हटलं आम्ही 'द्न्य' म्हणतो, डी लिहा, तर म्हणे इकडं जेच. यादी नसू दे, खरं पोरीचं नाव माझ्यासमोर बदललं की

आजोबा 203: 12 महिन्यांच्या आत.

सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, कृपया. आणि मांडव पार्किंगमध्ये नको. मागं 301 चा 3 दिवस होता.

काकू 301: 2 दिवस. भाडं भरलंय, पावती टाकू?

दादा 102: वहिनी आत्ताच दुरुस्त करा. आमच्या भावाचं दहावीला डी, आधारला जे, पासपोर्टला किती हेलपाटे घातले. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा काय, पासपोर्ट काय, जन्मदाखलाच पुरावा

आजोबा 203: दुरुस्तीला कलम 15. सोमवारी मी सोबत येतो. नाव मात्र 12 महिन्यांच्या आत.

वहिनी 302: या आजोबा. खरं कन्नडमध्ये अर्ज कोण लिहून देणार

सेक्रेटरी: मी देतो लिहून. मांडव लिफ्टच्या बाजूला घाला, तिथं गाड्या नसतात.