सुट्टीआधी घेतलेला पहिला डिजिटल कॅमेरा: तुमचे अनुभव सांगा

लेकीला फोन नको, म्हणे "खरा" कॅमेरा हवाय. सुट्टीत सगळे मिळून निघतोय, त्याआधी. म्हणून माळ्यावरून आमचा जुना काढून दिला, पेन्सिल सेलवाला, सेलच्या झाकणाला अजून रबरबँड गुंडाळलेला. आणि तो घेताना घरात झालेली खडाजंगी आठवली. ह्यांना झूम हवा, सासऱ्यांना मेगापिक्सेल, मला पर्समध्ये मावेल असा. माझं ऐकलं एकदाचं, पण सहलीभर कॅमेरा ह्यांच्याच गळ्यात! परिणाम असा की हे सहलीला आले होते याचा एकही पुरावा नाही.

तुम्ही कसा निवडलात? कामाला आला का? लेकीसाठी सल्लेही चालतील.

---

पेन्सिल सेल 😂😂 साधे टाकले की बघता बघता लाल बॅटरी लुकलुकायला लागायची. कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो, त्यांना झेपायचं नाही. तेच "संपलेले" सेल भिंतीवरच्या घड्याळात महिनोन्‌महिने चालायचे. चार्जिंगचे घेतले तेव्हा कुठे दिवस निघायला लागला.

---

सासऱ्यांचा मुद्दा: ६ बाय ४ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. १० बाय ८ ला ७ च्या आसपास. आकड्याच्या मागे लागू नका, सेन्सर बघा, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चिप. खिशातल्या कॅमेऱ्यांत बहुतेक १/२.३ इंची असतो, साधारण ६ बाय ४.५ मिमी. लेन्स बदलायच्या मोठ्या कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ दहापटीहून जास्त. दुपारच्या उन्हात फारसा फरक कळणार नाही, पण दिवेलागणीनंतर खोलीत मुलांचे फोटो काढा, मग कळेल. बस आली, उरलेलं नंतर.

---

मोठ्या सेन्सरचं ओझं वाहणार कोण पण? आमच्या दिरांनी निघायच्या आदल्या दिवशी डीएसएलआर आणला. दोन लेन्सा, ही मोठी बॅग. ऑटोवर काढणं म्हणजे कमीपणा, म्हणून डायल एमवर, म्हणजे सगळं हाताने. पहिल्या दिवसाचे सगळे फोटो पांढरेफटक. रात्री जाऊबाईंनी गुपचूप डायल हिरव्या ऑटोवर फिरवला आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. दीर आजही सांगतात, "दुसऱ्या दिवसापासून हात बसला."

---

जाऊबाई 🙏🙏🙏

---

जाऊबाईंना माझाही नमस्कार सांगा.

---

विषय सोडून विचारते, एक्सडी कार्डाचा (जुन्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड) रीडर कुणाकडे आहे का? आमचा ऑलिंपस होता. बाबांचे शेवटच्या सहलीतले फोटो त्यातच राहिलेत, प्रिंट काढू काढू म्हणत राहून गेलं.

---

अगं, कॅमेरा चालू होतो का? मग रीडर कशाला, यूएसबीने थेट जोड. नेहमीच्या एसडी कार्डाच्या खाचेत मात्र ते कार्ड कोंबू नकोस.

---

चालू होतो, वायर सापडत नाहीये.

---

त्यांच्या बऱ्याच मॉडेलांची वायर वेगळीच असायची, नेहमीची बसत नाही. कॅमेऱ्याच्या तळाशी मॉडेल नंबर असेल, तो टाकून शोधा. जुनी मिळते. फोटो मिळाले की इथे जरूर सांगा, ताई.

---

झूमबद्दल कुणीच लिहिलं नाही? ऑप्टिकल किती तेवढंच बघायचं. डिजिटल झूम म्हणजे मधला तुकडा कापून ताणायचा, ते घरी कॉम्प्युटरवरही होतं. मेनूत जाऊन बंद करून टाका. आणि डोळा लावायची खिडकी असेल तर उत्तम. भर उन्हात स्क्रीनवर आपलंच थोबाड दिसतं. आमच्या आईने अंदाजाने काढलेल्या फोटोंत एका कोपऱ्यात तिचं बोट असतंच, आता त्याशिवाय अल्बम ओळखू येत नाही.

---

लांबच्या डोंगरावर फ्लॅश मारणारे काका सगळ्यांकडे असतात का हो? त्या इवल्याशा फ्लॅशची पोच असते तीनेक मीटर. डोंगर काळाच, पुढच्या माणसाचं टक्कल तेवढं लख्ख.

---

ते टक्कल माझं असावं.

---

घाईत लिहितेय, कपडे वाळत घालायचेत. भाच्याने शेवटच्या रात्री जागा करायला म्हणून कार्ड फॉरमॅट केलं! रडारड. पण नणंदेने कार्ड लगेच काढून पाकिटात ठेवलं, त्यावर पुढे एकही फोटो काढू दिला नाही. घरी येऊन रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बहुतेक सगळे परत आले. वरून काही लिहिलं गेलं नाही म्हणूनच. लेकीला दुसरं कार्ड द्याच.

---

धागाकर्ती इथे. लेक शेजारी बसून वाचतेय. आता म्हणते तोच जुना नेते, फोटोंचा "तो जुनाट रंग" भारी येतो. मी कपाळावर हात मारला. सासरे म्हणतात नवाच घ्या, जास्त मेगापिक्सेलचा.

---

सासरे हटणार नाहीत 😄 जुना न्या की. फक्त निघायच्या आधी आठवडाभर घरातच वापरू दे. बटण अर्धं दाबून फोकस झाला की मग पूर्ण दाबायचं, एवढी सवय लागली तरी धावत्या पोरांचे फोटो बरे येतील. तारीखही लावून घ्या, नाहीतर सगळी सहल १ जानेवारीला.

---

विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. रबरबँडवाल्या सेलांचं माहीत नाही 😛

---

सगळं वाचलं. पण जाताय कुठे ते कुणी विचारलंच नाही?