संगणक सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या कोणत्या सर्व्हिसेस बंद कराव्यात?

प्रश्न:
नमस्कार. माझे झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान आहे. तेथील संगणकात ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. सकाळी बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत सहा-सात मिनिटे जातात आणि तोवर गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळते. म्हणून एका व्हिडिओतील यादी पाहून दहा-बारा सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे विंडोजचे व इतर सॉफ्टवेअरचे प्रोग्रॅम) 'डिसेबल्ड' केल्या. वेग फारसा वाढला नाही, उलट प्रिंटरच दिसेनासा झाला. नेमके काय चुकले?

उत्तर १:
आपण बहुधा 'प्रिंट स्पूलर' बंद केली आहे. छपाईची कामे रांगेत घेऊन प्रिंटरकडे पोहोचविणारी सर्व्हिस तीच. सर्व्हिसेसच्या यादीत तिच्यावर डबल क्लिक करून स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' करा, आधी 'अप्लाय' दाबा आणि मगच 'स्टार्ट'. 'मॅन्युअल' ठेवलेली सर्व्हिस एखाद्या प्रोग्रॅमने मागितल्यास चालू होऊ शकते. 'डिसेबल्ड' केलेली मात्र कोणी कितीही मागितली तरी उठत नाही, त्यामुळे शंका असेल तेथे 'डिसेबल्ड' करूच नये. शिवाय प्रत्येक सर्व्हिसच्या 'डिपेन्डन्सीज' या टॅबवर तिच्यावर कोण विसंबून आहे ते लिहिलेले असते. तेवढे वाचल्याशिवाय हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती.

उत्तर २:
अंदाजाने बंद करण्याऐवजी आधी मोजा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, 'डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स' या क्रमाने गेल्यास १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू होण्यास लागलेला वेळ मिलिसेकंदांत मिळतो आणि १०३ क्रमांकाच्या नोंदीत नेहमीपेक्षा उशीर करणाऱ्या सर्व्हिसचे नाव. मग 'एमएसकॉन्फिग' या विंडोजच्या स्टार्टअप सेटिंग्जच्या साधनातील सर्व्हिसेसच्या यादीत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपविण्याच्या चौकटीत खूण करा. मागे उरतात त्या बाहेरून आलेल्या, आणि छाटणीला सुरुवात तेथूनच करावी. एका वेळी एकच बदल करा व पडताळण्यासाठी 'शट डाउन' नव्हे, 'रीस्टार्ट' वापरा, कारण 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउननंतर सर्व्हिसेस नव्याने सुरू न होता डिस्कवर साठविलेल्या स्थितीतून परत येतात.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. प्रिंटर परत आला. १०३ च्या नोंदींत हिशेबाच्या सॉफ्टवेअरची डेटाबेस सर्व्हिस आणि जुन्या स्कॅनरचा अपडेटर अशी दोन नावे वारंवार दिसली. स्कॅनर आता वापरात नसल्याने त्याचे सॉफ्टवेअरच काढून टाकले. हिशेब मी संध्याकाळी लिहितो, तेव्हा डेटाबेस 'मॅन्युअल' ठेवावा का?

उत्तर १:
'मॅन्युअल' ठेवल्यास ते सॉफ्टवेअर सर्व्हिस स्वतःहून उठवेलच असे नाही; न उठविल्यास संध्याकाळी 'जोडणी होत नाही' असा संदेश येईल. 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' निवडा, म्हणजे बाकीच्या ऑटोमॅटिक सर्व्हिसेस सुरू झाल्यावर साधारण दोन मिनिटांनी ती चालू होईल आणि सकाळच्या घाईत डिस्क अडवून धरणार नाही.