गोल्फ: फेअरवे बंकरमधून बॉल लांब जातच नाही, काय चुकतंय?

खाजनवाट: मंडळी, मडगावहून रविवारी काणकोणला ९ होल गोल्फ खेळायला जातो, दीड वर्ष झालं. ग्रीनजवळच्या (होलभोवतीची हिरवळ) बंकरातून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, बऱ्यापैकी निघतो पण फेअरवेवरच्या (होलकडे नेणारा गवताचा पट्टा) बंकरात पडलो की संपलंच, १४० यार्ड राहिलेले असतात, ७ आयर्न (मध्यम अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) काढतो आणि बॉल जातो वीस पावलं, वाळू मात्र तोंडात. पाय घट्ट रुतवतो, बॉलच्या दोन इंच मागे मारतो, सगळं सांगतात तसंच करतो की!

माडाखाली: अहो पात्रांव, दोन इंच मागे ते ग्रीनजवळ, सँड वेजने (बॉल उंच उडवणारा क्लब). तिथे वाळूच बॉलला उचलून बाहेर टाकते. इथे उलटं, आधी बॉल मग वाळू, अर्धा इंच जरी मागे लागला तरी सगळा जोर वाळू खाते. आणि पाय रुतवले म्हणजे तुम्ही तेवढे खाली गेलात, मग क्लब मागेच लागणार ना? रुतलात तेवढी ग्रिप खाली धरा, त्याने अंतर घटतं म्हणून ७ च्या जागी ६ घ्या, आकडा लहान तसा बॉल लांब. बॉल मधोमध, पाय शांत, पाऊण स्विंग पुरे.

पण हे सगळं नंतर, आधी समोरची लिप, म्हणजे बंकरची उंच कड, बघा. एका जुन्या कॅडीने मला दाखवलं होतं, बंकरबाहेर गवतावर क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) आकाशाकडे करून, दांडा टार्गेटच्या दिशेला ठेवून, फेसवर पाय द्यायचा. दांडा उठतो साधारण त्याच कोनात बॉल उडतो. लिप त्याहून उंच दिसली तर गुपचूप वेज घ्या आणि बाहेर या, मी हिरोगिरी करून एका होलला ९ मारलेत.

रापणकार: वरच्यांना +१. सरावाला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर वाळूत रेघ मारायची आणि बॉलशिवाय स्विंग, खड्डा रेघेच्या पुढे पडला पाहिजे. नंतर क्लब गोड्या पाण्याने धुवा हां, माझं ५ आयर्न गंजलं तसंच. मॅचमध्ये मात्र सराव स्विंगला वाळूला क्लब लावलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजतात तो प्रकार) २ शॉटची पेनल्टी. बॉलजवळची सुकी पानं २०१९ पासून उचलता येतात, फक्त बॉल हलवू नका.

खाजनवाट: पावसाने वाळू ओली असली तर?

माडाखाली: दबलेली असेल तर उलट सोपं, बॉल वर बसतो. पाणी साचलं असेल तर बंकरातच फुकट ड्रॉप (बॉल उचलून दुसऱ्या जागी टाकणं), बाहेर हवा तर १ शॉटची पेनल्टी.

खाजनवाट: आज पहाटे बाणावलीला जाऊन आलो. दहातले आठ खड्डे रेघेच्या मागे 😅 एका कुत्र्याने रेघच पुसली, नाहीतर नऊ झाले असते.